डाळीच्या डब्यातली टूब

"अहो, तोंड उघडा नं! उघडा म्हणते नं मी!"

सकाळची येळ, चुलीपुढं तुम्ही बसलेले, हातात भाकरीचा तुकडा, आन तोंड उघडंना. मला आधी मस्करीच वाटली. तुमचं काय, तुम्ही कव्हा काय सोंग करताल नेम न्हाई. मी म्हणलं, गाडी निघून जाईल, गुमान खा. मंग तुम्ही बोटानं जबड्याकडं दावलं, दातावर दात तसेच, आन दाताच्या फटीतून म्हणले, "उघडत न्हाई गं." तुमचे ओठ दोन्हीकडून ताणले व्हते. ते हसू नव्हतं. पण मला कुठं ठाऊक, मी बी हसले. तुमच्यासंग शेवटचं हसले ती अशी, तुम्ही हसत नसताना.

मंग मी दोन्ही हातांनी तुमचा जबडा धरून ओढला. आपला गणू खाली बसून रडून राह्यला, आत्याबाई देवापुढं अंगारा शोधून राह्यल्या, मामंजी शेतातून पळत आले. ज्या गाडीनं तुम्ही रोज राजूरहून जालन्याला कापडाच्या दुकानात जायचे त्याच गाडीत तुम्हाला बसवलं. कंडक्टर तुमच्या वळखीचा, तो म्हणला, "काय राव, आज बायकोला सिनेमा दावायला का?" आन तुम्ही त्याच्याकडं बघितलं तशी त्यानं घंटी मारली. मंग त्यानं कुठं बी जास्त येळ थांबू दिली न्हाई गाडी. त्या माणसाचे उपकार हायेत माझ्यावर. त्याला सांगायचं राह्यलं.

डॉक्टरनं तुमच्या हनुवटीखालची जखम बघितली. एवढीशी जखम, वरून खपली धरलेली, मी तर ईसरून गेल्ते तिला.

"हे कशानं?"

मी म्हणलं, "दाढी करताना. सात दिवस झाले."

"जखमेला काय लावलं होतं?"

मामंजी माझ्याकडं बघून राह्यले. मी म्हणलं, "काई न्हाई."

तुमचे डोळे माझ्याकडं वळले. तुम्हाला तर ठाऊक व्हतं काय लावल्तं. तोंड मिटलेलं व्हतं म्हणून तुम्ही बोलले न्हाई, का मला वाचवायला बोलले न्हाई, हे मला आता कोण सांगणार? डॉक्टर मामंजींना म्हणले, धनुर्वात हाय, गोठ्यातली घाण, शेणमाती जखमेत गेली की असं व्हतं. मामंजी म्हणले, "न्हाई वो साहेब, पोरगं दुकानात कापड दावतं, गोठ्यात जातबी न्हाई." मी खाली फरशीकडं बघून राह्यले.

तुम्हाला अंधाऱ्या खोलीत ठिवलं. खिडकीला कांबळं लावलं. दवाखान्यातली बाई म्हणली, आवाज करायचा न्हाई, उजेड करायचा न्हाई, हात बी लावायचा न्हाई, जराशा आवाजानं त्यांचं अंग धनुष्यावानी वाकंल. मी कोपऱ्यात बसले तर माझ्या बांगड्या वाजल्या आन तुमचं सगळं अंग वर उचललं. तव्हा मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आन त्याच्यावर पदराची चिंधी गुंडाळली. तीन दिवस तशीच बसले. तीन दिवस तुमच्यापासून हातभर लांब, आन एक शब्द बोलता आला न्हाई. सगळं सांगायचं व्हतं हो. ओठापर्यंत आल्तं. पण बोलले असते तर माझ्याच बोलण्यानं तुमचं अंग वाकलं असतं. चौथ्या दिवशी चिंधी सोडली तव्हा त्या बांगड्या फोडायलाच सोडल्या.

म्हणून आता लिहून राह्यले. चौथीपर्यंतच शिकले, काना-मात्रा चुकंल, तुम्ही हसताल तर हसा.

त्या टुबीवरून सुरू करते, कारण आपलं भांडण तिच्यावरून व्हतं आन ते अर्धंच राह्यलं.

तुम्ही पहिल्यांदा ती दाढीच्या किरीमीची टूब आणली तव्हा मी म्हणलं, हे काय, औषध हाय का? तुम्ही झाकण उघडून माझ्या नाकाशी धरली. वास चांगला व्हता, खोटं बोलत न्हाई. मंग मी किंमत ईचारली आन तुम्ही आधी पानी प्यायले, तव्हाच मी समजले. मी म्हणलं, "एवढ्यात घरात महिन्याचं गोडंतेल येतं! तोंडाला फासायचं आन धुऊन टाकायचं, ह्याला एवढा खर्चा?"

तुम्ही म्हणले, "अगं, साध्या साबणाचा फेस पत्ती लावेपर्यंत वाळून जातो. हिचा फेस बसून राहतो. पत्ती लोण्यातून जाते."

"केस ते केस. ते का तुमच्या साबणाची किंमत ईचारतेत?"

"केस न्हाई, कातडी ईचारते. दिवसभर गिऱ्हाईकापुढं उभं राहायचं, शेठ म्हणतो चेहरा साफ पाहिजे. त्या वाटीतल्या गोल साबणानं गाल भाजून निघतेत माझे."

"मामंजी तर नुसत्या पान्यानं करतेत."

"मंग बघ नं त्यांच्या गालाकडं. नांगरलेलं रान दिसतं." आन मामंजी वसरीवर बसलेले, त्यांना ऐकू गेलं. ते म्हणले, "नांगरलेलं हाय म्हणून तर पीक आलं तुझ्यासारखं." आपण किती हसलो त्या दिवशी. आत्याबाई सुदिक.

दगडूनानाचं आठवतं का? गावाचे न्हावी, तुमची पहिली दाढी त्यांनीच केलेली, आन तुम्ही घरी पत्ती घेऊन बसायला लागले तव्हा ते दारात येऊन म्हणायचे, "का रे, माझ्या पोटावरच पत्ती चालवली का तू?" तुम्ही त्यांच्या हाताच्या पंजावर किरीम लावायचे, म्हणायचे, "नाना, लावून बघा, मंग बोला." नाना वास घ्यायचे, तोंड वाकडं करायचे. "आम्ही नुसता अंगठा पान्यात बुडवून चोळतो गालावर. चोळलं की केस मऊ व्हतो. हा तुमचा चोळायचा आळस हाय, त्याचे पैसे देता." तुम्ही म्हणले, "गणूचं जावळ ह्याच किरीमीनं काढायचं नाना, गणपतीपुढं. तुम्हीच काढायचं." नाना म्हणले, "लेकराच्या डोक्याला किरीम? गणपती हसंल रे!"

सगळं हसण्यावारी गेलं. पण मला मनातून ती टूब सलायची. तुम्ही रोज सकाळी बोटभर काढायचे, तोंडभर फेस करायचे, त्यातला जरासा गणूच्या नाकाला लावायचे आन तो दोन दात दावून हसायचा. मी चुलीपुढून बघायचे. मला राग तुमच्या फेसाचा नव्हता, एवढ्या महागाच्या वस्तूतला फेस पोराच्या नाकाला जातोय ह्याचा व्हता. आता वाटतं, सगळ्या टुबीत पैसे वसूल झाले ते नाकापुरत्या फेसाचेच.

मी टूब लपवली. आता कबूल करते. तुरीच्या डाळीच्या डब्यात, खाली, डाळीच्या आत. म्हणलं, सणावाराला काढीन. त्या दिवशी सकाळी तुम्ही सगळा कोनाडा धुंडाळला.

"टूब कुठं गेली गं?"

मी पीठ मळून राह्यले व्हते, वर बघितलं न्हाई. "उंदरानं नेली असंल."

"उंदरानं? राजूरचे उंदीर बी दाढी करायला लागले का?"

"मला काय ठाऊक."

"बराबर हाय," तुम्ही म्हणले, "गणपतीचा उंदीर हाय तो. रोज एवढे लोक दर्शनाला येतेत, त्याला बी चेहरा साफ लागतोच की."

तुम्हाला कळल्तं. माझ्या तोंडाकडं बघूनच कळल्तं तुम्हाला. तरी तुम्ही डबे उघडले न्हाई. धुण्याच्या साबणाची वडी घेतली, तोंडाला घासली, आन गाडीची येळ झाली म्हणून जल्दी जल्दी पत्ती वढली. पत्ती जुनी व्हती. मला "स्स" आवाज आला. हनुवटीखालून रगत सदऱ्यावर. आन तुम्ही काय म्हणले? "बघ, तुझ्या साबणानं दाढीबरोबर मानबी करायला काढली."

रगत थांबंना. तुमचा एकच इस्तरीचा सदरा. मी घाबरले, आन घाबरल्यावर माणूस जे शिकलेलं असतं तेच करतं. लग्नाच्या पहिल्या साली ईळीवर माझं बोट कापल्तं तव्हा आत्याबाईंनी मला हाताला धरून गोठ्यात नेल्तं. गव्हाणीच्या वर, कोपऱ्यात कोळ्याचं पांढरं जाळं. ते बोटाला गुंडाळून त्यांनी माझं बोट गच्च धरलं, रगत थांबलं. सगळ्या आळीत आत्याबाईंचं जाळं नावाजलेलं. मंग मी काय केलं? गोठ्यात पळाले, जाळं काढलं, त्याला लागलेली धूळ फुंकली बी न्हाई, आन तुमच्या जखमेवर बोटानं दाबून धरलं. रगत थांबलं. तुम्ही म्हणले, "डॉक्टरीण झालीस की गं." आन गाडीला पळाले.

तेवढंच. तेच सांगायचं व्हतं मला त्या खोलीत.

तुमच्यामागं आत्याबाई छाती बडवून एकच बोलून राह्यल्या, "त्या मेल्या फ्याशनीनं खाल्लं माझ्या लेकाला. नानाकडून दाढी करून घेतली असती तर काय झालं असतं? टूब पाहिजे, पत्ती पाहिजे!" आलेल्या बायका मान हालवत, म्हणत, खरं हाय बाई. आन मी कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन गप. तुमच्यावर आळ येऊ दिला मी. सगळा दोष तुमच्या टुबीवर जाऊन राह्यला आन टूब डाळीत, झाकण घट्ट, तिनं तर त्या दिवशी तुमच्या गालाला हातबी लावला नव्हता.

मंग दहावा आला. पोरगा तुमचा, त्यानं डोकं करावं लागतं. चौदा महिन्याचं लेकरू, जावळ बी काढलेलं नव्हतं, गणपतीला बोललेलं व्हतं. मी मामंजींच्या पाया पडले. म्हणलं, एक बट काढा, वस्तरा नका लावू, मला भेव वाटतं. मामंजी तयार झाले व्हते. आत्याबाई म्हणल्या, "बापाला एवढंबी देणार न्हाईस का?" एवढंच पदरात पडलं की ओढ्यावर न नेता अंगणात काढायचं, माझ्या डोळ्यापुढं.

नाना वस्तरा घेऊन आले. मी म्हणलं, नाना, उकळत्या पान्यात घाला आधी. नाना माझ्याकडं बघत राह्यले पण घातला. मंग मी घरात गेले, डाळीचा डबा पालथा केला आन टूब आणून त्यांच्या पुढ्यात ठिवली. आत्याबाईंनी ती बघितली. "ही? ही अजून घरात हाय?" मी म्हणलं, "गणूचं जावळ हिनंच काढायचं ते बोलून गेलेत." नानांचे डोळे भरून आले. म्हणले, "मलाबी बोलल्ता तो, सूनबाई. हसलो व्हतो मी त्याला."

मी झाकण उघडलं. त्या वासानं तुम्ही माझ्यामागं उभे राह्यले, खरं सांगते, मी मान वळवून बघितलं.

नानांनी फेस केला. गणूच्या डोक्यावर पांढरा ढीग. नाना हळू म्हणले, "फेस बसून राहतो खरा. त्याचं म्हणणं बराबर व्हतं." गणू मामंजींच्या मांडीवर, वर डोळे करून बघून राह्यला. वस्तरा कसा चालला, लोण्यातून गेल्यावानी, तुम्ही म्हणायचे तसा. अर्धं डोकं झालं. आन नाना रडून राह्यले व्हते, हात म्हातारा, गणूनं मान वळवली, आन कानाच्या वर रगताचा एक थेंब आला.

एवढी महागाची किरीम, एवढा फेस, पन्नास वर्षांचा हात, उकळलेला वस्तरा. तरी कापलं. तव्हा मला कळलं हो, टूब लपवली नसती तरी तुम्हाला कापलंच असतं कव्हा तरी. कापणं दाढीतलंच हाय. मारलं ते कापण्यानं न्हाई.

हे कळायला डोळ्याची पापणी लवायचा येळ लागला, आन तेवढ्यात आत्याबाई उठून गोठ्यात गेल्या बी. "थांब, थांब, रडू नको रे माझ्या राजा, आलेच मी." त्या आल्या तव्हा दोन बोटांना जाळं गुंडाळलेलं, आन बोटं गणूच्या कानापाशी.

मी वरडले. काय वरडले मला आठवत न्हाई. लेकरू मामंजींच्या मांडीवरून हिसकून घेतलं. सगळे बघून राह्यले. आत्याबाईंचा हात तसाच वर. "काय झालं गं? वेड लागलं का तुला? जाळंच हाय की!"

सांगायची येळ तीच व्हती. सगळे व्हते. आन ती म्हातारी, डोळे सुजलेले, पोरगा जाऊन दहा दिवस झालेले, नातवासाठी जाळं धरून उभी. तिला मी काय सांगू, आत्याबाई, तुमचं हेच जाळं, तुम्ही मला शिकवलेलं, मी तुमच्या लेकाला लावलं? मी म्हणलं, "डॉक्टरनं सांगितलंय, तुरटीच लावा." पुन्हा खोटं. नानांनी पेटीतून तुरटी काढली, धुऊन लावली. मंग राह्यलेलं अर्धं डोकं त्यांनी नुसत्या पान्यानं, अंगठ्यानं चोळून काढलं.

पण जाळं टेकलं का न्हाई, ते मला दिसलं न्हाई. आत्याबाईंची बोटं लई जवळ व्हती.

त्याच दुपारी मामंजींच्या मागं लागून गणूला दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईनं ईचारलं, "जखमेला काय लावलं?" तोच सवाल. मामंजी तसेच बाजूला उभे. मी म्हणलं, "तुरटी. पण कोळ्याचं जाळं लागलं असंल जरासं, मला दिसलं न्हाई." बाईचं तोंड उतरलं. तिनं जखम धुतली, दोन सुया दिल्या, म्हणली, घाबरू नका, लक्ष ठेवा. घराजवळ आल्यावर मामंजी म्हणले, "सुमन, त्या दिवशी त्याला काय लावल्तं?" मी गणूचं टोपडं नीट करत राह्यले. त्यांनी पुन्हा ईचारलं न्हाई. गणूला माझ्याकडून घेतलं आन आत गेले. मला वाटतं त्यांना कळलंय. ते बी आत्याबाईंना बोलले न्हाईत.

तुम्हाला सात दिवसांनी झालं. गणूचा आज चौथा दिवस. सकाळी उठल्याबरोबर मी टुबीतून नखाएवढी किरीम काढते, फेस करते आन त्याच्या नाकाला लावते. तो हसतो. तोंड उघडतं. दोन दात, जीभ, टाळूपर्यंत सगळं बघून घेते मी. मंग चूल पेटवते. तुम्ही म्हणायचे नं, पैसे वाया जात न्हाईत. आता मला ईचारा. टुबीत अजून हाय थोडी, मी खालून गुंडाळत आणलीय, तीन दिवस पुरंल. भांडण तुम्ही जिंकलात, घ्या.

काल मी लांब काठीला खराटा बांधून सगळा गोठा झाडला. गव्हाण, आढं, कोपरे, एक जाळं ठिवलं न्हाई. आत्याबाई दारात येऊन म्हणल्या, "काऊन झाडून राह्यलीस? कामाला येतेत ती. ऱ्हाऊ दे, कोळी उद्या पुन्हा ईणंल." आन दुपारी पलीकडच्या घरची बाई आली, तिच्या पोरीच्या पायाला खुरपं लागल्तं. "आत्या, जाळं द्या जरासं." आत्याबाई गोठ्यात जाऊन हात हालवत आल्या. मी म्हणलं, माझ्याकडं तुरटी हाय, दवाखान्यात न्या तिला. ती बाई म्हणली, ऱ्हाऊ दे, खालच्या आळीला बघते. गेली बी. मी तिच्यामागं दारापर्यंत पळाले, पण तोंड उघडलं न्हाई. माझा बी जबडा धरल्यावानी झाला.

एक गोठा झाडला मी. राजूरात गोठे किती?

आज पहाटं गव्हाणीवर बघितलं. कोपऱ्यात चार तंतू आलेत.

हे वाचणाऱ्या बायांनो, आता तुम्हालाच ईचारते, त्यांना तर ईचारता येत न्हाई. एका आईला, तिच्या लेकाच्या तेराव्याच्या आत, तिच्याच हातचं औषध काय करून गेलं हे तुम्ही सांगितलं असतं का? आन नसतं सांगितलं, तर त्या पोरीच्या पायाकडं तुम्ही कसं बघितलं असतं?